एकतीस फेब्रुवारी

माझी नात पुण्यात संगणकाला हुकूम सोडायचं काम करते. परवा आली ती चिडूनच. चप्पल काढता काढता म्हणाली, "आजी, एकतीस जानेवारीत एक महिना मिळव बघू."

मी म्हटलं, "अठ्ठावीस फेब्रुवारी."

"बघ! तुला कळतं, आणि त्या मेल्या यंत्राला कळत नाही. ते तीन मार्च म्हणतं."

मला हसू आलं आणि अर्ध्यात थांबलं. तीन मार्च असं उत्तर देणारा एक माणूस मला ठाऊक होता. आणि हेच उत्तर दिलं म्हणून त्याच माणसाने एका पोराचे तळहात लाल केलेलेही मी पाहिले होते.

त्यांचं नाव सदाशिव. आडनाव गावात कुणी घेतच नसे, कारण आम्ही पोरांनी त्यांचं बारसं केव्हाच केलं होतं: फेब्रुवारीगुरुजी. रेवदंड्याच्या मराठी शाळेत वरच्या वर्गांना ते गणित शिकवायचे. सुपारीच्या झाडासारखे उंच, आणि तसेच वाऱ्यावर जरा कललेले. अंगात कोट, कोटाच्या खिशात खडू, त्यामुळे खिसा कायम पांढरा. डाव्या हाताची मूठ वळायची आणि उजव्या हाताचं बोट तिच्या हाडांवरून फिरवायचं ही त्यांची खोड. हाड म्हणजे एकतीसचा महिना, दोन हाडांमधली खळी म्हणजे लहान महिना. वर्ष त्यांनी असं मुठीत ठेवलेलं होतं. बोलताना, चालताना, देवळात प्रदक्षिणा घालताना, बोट आपलं फिरतंय.

बाकीचे मास्तर व्याज शिकवत, काळ-काम-वेग शिकवत. गुरुजींचा जीव अडकला होता तारखेत महिने मिळवण्यात. "दिवस मिळवणं गाढवालाही येतं," ते म्हणायचे, "महिना मिळवायला माणूस लागतो." आणि मग त्यांचा तो घराचा दृष्टांत.

"महिना म्हणजे घर. कुठल्या घरात एकतीस माणसं मावतात, कुठल्या घरात तीस. फेब्रुवारीचं घर गरिबाचं, अठ्ठाविसात भरलं. आता एकतीस नंबरचा पाहुणा तिथे गेला आणि जागा नसली, तर त्याने काय करायचं? ओसरीवर शेवटच्या माणसाला खेटून निजायचं. शेजारच्या घरात घुसायचं नाही. पाहुण्याला रीत असते."

मला तेव्हा दोन वेण्या होत्या, दोन्हींना लाल फिती होत्या, आणि अक्कल म्हणाल तर फितींतच संपली होती. पण स्वतःला मी फार हुशार समजायची. एकदा गुरुजींनी फळ्यावर बोलावलं. एकतीस डिसेंबर अधिक दोन महिने. मी ठसक्यात लिहिलं, 'एकतीस फेब्रुवारी', आणि खाली रेघसुद्धा मारली.

गुरुजींनी फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सुमे, छान तारीख काढलीस गो. त्याच मुहूर्तावर तुझं लग्न लावू, म्हणजे एका तरी पोराचं भलं होईल."

वर्ग हसून लोळला. मी मात्र घरी जाऊन आईला सांगितलं, की गुरुजींनी माझ्या लग्नाची तारीख काढली. आईनेही भिंतीवरचं कॅलेंडर चाळून पाहिलं! हा वेडेपणा आमच्यात वंशपरंपरेचा.

गाव त्यांच्याकडे तारखा विचारायला यायचं. गाय कधी विणार, सून कधी बाळंत होणार, पावसाळ्यातली होड्यांची बंदी उठायला किती अवकाश. कोळीवाड्यातली जानकी एकदा मासळीची रिकामी पाटी डोक्यावर घेऊन थेट शाळेच्या दारात उभी राहिली.

"गुरुजी, माजे पोरीला शिमग्यापासून दिस हायत. कवा सुटल ती?"

"कुठला शिमगा? होळी पेटली तो दिवस, की धुळवड?"

"आता शिमगा म्हंजे शिमगा! मी काय तारीक बगून नाचतंय व्हय?"

गुरुजींनी मूठ वळली, बोट फिरवलं, तारीख सांगितली. पोर त्याच्या आधीच झालं. जानकी पेढे घेऊन आली तेव्हा गुरुजी पेढा तोंडात घालून म्हणाले, "माझं बरोबर होतं. घाई पोराने केली."

असा हा माणूस. स्वतःच्या घरात मात्र त्यांच्याजवळ मोजण्यासारखं फारसं काही नव्हतं. बायको लवकर गेली होती. एकुलता मुलगा वसंता, बापाइतकाच उंच, दारातून वाकून आत यायचा. त्याचं लग्न नुकतंच झालेलं, बायको इंदू पेणची. वसंताने मास्तर व्हावं अशी गुरुजींची फार इच्छा. वसंताला खडूचा वास सोसत नसे. देश स्वतंत्र होऊन तीन वर्षं झाली होती, आमच्या बाजूची बरीच पोरं मुंबईला जाऊन जहाजावर लागत होती. वसंताही लागला, इंजिनाच्या खोलीत. निघताना म्हणाला, "बाबा, सहाच महिन्यांचा करार आहे. तुमच्या मुठीवर एक फेरीसुद्धा पुरी होणार नाही."

एकतीस ऑगस्टला करार झाला. दुसऱ्या दिवशी गुरुजी वर्गात आले ते हसतच. फळ्यावर लिहिलं: एकतीस ऑगस्ट अधिक सहा महिने. आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, "अठ्ठावीस फेब्रुवारी!" मी सगळ्यांत मोठ्याने. गुरुजींनी त्या दिवशी कुणालाच मारलं नाही. तारीख पुसलीसुद्धा नाही. फळ्याच्या कोपऱ्यात ती तशीच राहिली, आणि फळा पुसणाऱ्या मुलाला तेवढा कोपरा सोडून पुसायची ताकीद होती.

एडनहून एक कार्ड आलं. समुद्र बरा आहे, जेवण बरं आहे, एवढंच. मग काही नाही.

फेब्रुवारीच्या अठ्ठावीस तारखेला गुरुजींनी जन्मात पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची रजा टाकली. इंदूने अंगण सारवलं होतं, रांगोळी घातली होती. गुरुजी कोटाची सगळी बटणं लावून बंदरावर उभे राहिले. शाळा सुटलेली, त्यामुळे आम्ही पोरंही तमाशा बघायला. मुंबईची माणसं घेऊन लाँच आली, पिशव्या उतरल्या, ट्रंका उतरल्या, एक शिवणयंत्र उतरलं, शेवटी खलाशी पाणी मारून फळ्या धुऊ लागले. गुरुजी कुणालाच उद्देशून बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं: "बरोबर आहे. करार आज संपला. आज तिथून निघेल."

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी पुन्हा तेच गणित घातलं. बाळू उठला. हा भटजींचा मुलगा. 'पाहुणा शेजारी घुसवला' म्हणून महिन्यापूर्वीच त्याने छड्या खाल्ल्या होत्या, त्यामुळे हे उत्तर त्याच्या हातांना पाठ होतं. म्हणाला, "अठ्ठावीस फेब्रुवारी."

"चूक," गुरुजी म्हणाले.

आणि खडू उचलून त्यांनी स्वतःच फळ्यावर मांडायला घेतलं.

"एकतीस ऑगस्टात सहा महिने म्हणजे एकतीस फेब्रुवारी. फेब्रुवारीचे अठ्ठावीस गेले. उरले तीन. तीन मार्च."

बाळूचं तोंड उघडं ते उघडंच. आणि मी, शहाण्यांची राणी, हात वर करून उभी राहिले. "पण गुरुजी, पाहुण्याने शेजारच्या घरात घुसायचं नसतं ना?"

गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. मग हळू म्हणाले, "कधीकधी जातो गो. दार उघडं दिसलं तर जातोसुद्धा."

मला वाटलं, मी गुरुजींना निरुत्तर केलं. मी वेणी उडवून खाली बसले. त्या वयात समोरच्या माणसाचं घर कोसळत असलं तरी आपल्या फितीची गाठच आधी दिसते.

तीन मार्चही गेला. मग गुरुजी मुंबईला गेले, जहाजाच्या कचेरीत. तिथल्या माणसाने सांगितलं, की जहाज केव्हाच परत आलं. तुमचा मुलगा बसऱ्याला उतरला तो परत चढला नाही. का, ते ठाऊक नाही. पोलिसांना कळवलं होतं, पुढे काही कळलं नाही.

गावात परतल्यावर ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. पडवीत बसून ज्याला त्याला सांगितली, आणि शेवटी एकच वाक्य: "उतरलाय. बुडाला नाही."

हे वाक्य त्यांनी बारा वर्षं सांगितलं. कुणी हळहळलं की, "उतरलाय." कुणी गप्प बसलं तरी, "उतरलाय, बुडाला नाही." पुढे पुढे लोकच त्यांच्या आधी म्हणून टाकायचे आणि विषय बदलायचे.

माझं लग्न एकतीस फेब्रुवारीला न होता वैशाखात झालं. मी मनात धरलं होतं मुंबईचं बिऱ्हाड, गॅलरी, सिनेमा. मिळालं काय, तर गुरुजींच्या शेजारचं घर. माहेरच्या दारातून हाक मारली तर सासरी ऐकू यावी इतकं लांब! पण त्यामुळे इंदू मला मिळाली. दोन्ही वाड्यांच्या मधे काट्याची वई होती, तिच्या एका फटीतून आम्ही दोघी बोलायचो. नारळाची शेंडी, लसूण, पाहिजे ते त्या फटीतून इकडचं तिकडे व्हायचं.

इंदू मोजकं बोलायची. तिचं दुःख रडण्याचं नव्हतं, त्याला नावच नव्हतं. चैत्रात हळदीकुंकू असलं की घरोघर खल चालायचा, इंदूला बोलवायचं की नाही. बोलावलं तर करंडा पुढे करताना बाईचा हात अडखळायचा. न बोलवावं तर गुरुजी दारात येऊन विचारायचे, "माझ्या सुनेला आमंत्रण राहिलं वाटतं?" माझ्या सासूबाई तर तिच्या पाठीमागे सरळ म्हणायच्या, "बसऱ्यात दुसरी केली असेल त्याने. ही इथे कुंकू लावून बसलीय." एकदा हे इंदूच्या कानावर गेलं. वईपाशी येऊन मला म्हणाली, "सुमन, तुझ्या सासूबाई चुकीचं बोलत नाहीत. मी रोज रात्री देवाला काय मागू तेच मला कळत नाही. ते जिवंत असू देत म्हटलं तर मी टाकलेली ठरते. मेलेले असू देत म्हणायला जीभ वळत नाही." मी काहीतरी बोलले असेन, लसणीबद्दल वगैरे. अशा वेळी माझं तोंड नेमकं लसणीकडे वळायचं.

आमच्यात रीत अशी, की घरातून गेलेल्या माणसाची बारा वर्षं काही खबर नाही लागली, तर त्याला गेला असं समजायचं. पळसाच्या देठांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, आणि मग बाकीचं सगळं. तोवर त्याचं काही करता येत नाही, आणि त्याच्या बायकोलाही काही होता येत नाही.

बारावं वर्ष लागलं तशी गुरुजींची मूठ उघडेनाशी झाली. शाळेतून ते निवृत्त झाले होते, दिवसभर पडवीत असायचे. आता त्या पडवीत भटजी म्हणून येऊन बसायचा तो आमचा बाळूच. वडलांच्या मागे गावची भिक्षुकी त्याच्याकडे आली होती. गुरुजी त्याला अजूनही अरेतुरे करायचे, आणि तोही त्यांच्यासमोर हात मागे बांधूनच उभा राहायचा.

"गुरुजी, शेवटची खबर एडनच्या कार्डाची," बाळूभटजी म्हणाला. "तिथून धरलं तर या अश्विनात बारा वर्षं होतात."

"तिथून कसं धरशील? तेव्हा तो करारावर होता. करारावरचा माणूस हरवलेला नसतो. करार संपला तिथून मोज."

म्हणजे पुढचा फेब्रुवारी. बाळूने मान हलवली.

आठ दिवसांनी गुरुजींनी त्याला पुन्हा बोलावलं. "बारा वर्षांत अधिक महिने आले त्यांचं काय? त्या महिन्यांतही वसंता घरी नव्हताच की. ते वेगळे मिळव."

"गुरुजी, अधिक महिने वर्षातच धरलेले असतात." बाळूचा आवाज अगदी खाली आला. "तुम्हीच शिकवलंत मला."

"मी शिकवलं होतं तेव्हा माझा मुलगा घरी होता," गुरुजी म्हणाले.

अश्विन गेला, दिवाळी गेली. इंदूचा भाऊ पेणहून दोनदा येऊन गेला. तिथे लहान मुलांची शाळा निघत होती, ताईला ते काम मिळण्यासारखं होतं. पण हिला पाठवायचं कोण म्हणून? गुरुजींनी त्याला दोन्ही वेळा आग्रहाने जेवू घातलं आणि दोन्ही वेळा फेब्रुवारी सांगितला.

फेब्रुवारीच्या अठ्ठावीस तारखेला सकाळीच बाळूभटजी पळसाच्या देठांची मोळी घेऊन आला. मी वईपाशी धुणं वाळत घालत होते. खरं सांगायचं तर धुणं वाळून गेलं होतं, मी ते पुन्हा पिळत होते.

गुरुजी पडवीच्या पायरीवर उभे. "बाळू, आज नाही. तीन मार्चला ये."

बाळूने मोळी खाली ठेवली.

"एकतीस ऑगस्टचा करार," गुरुजी भराभर बोलू लागले, बोट मुठीवरून धावत होतं, "सहा महिने म्हणजे एकतीस फेब्रुवारी. तीन दिवस उरतात. ते तीन दिवस त्याचे आहेत. कुणाचे तीन दिवस असे खाता येत नाहीत. तीन दिवसांत मुंबईहून माणूस येतो. एका दिवसातसुद्धा येतो."

"गुरुजी," बाळू म्हणाला, आणि त्याने आपले दोन्ही तळहात पुढे केले, लहानपणी करायचा तसे. "पाहुणा शेजारच्या घरात घुसत नाही. मी मार खाल्लाय त्यासाठी."

तेवढ्यात इंदू बाहेर आली. डोक्यावर पदर, हातात पाण्याचा तांब्या. सासऱ्याच्या पुढ्यात ती कधी उभी राहून बोललेली मी पाहिली नव्हती.

"मामंजी, पुरे आता."

"तीन दिवस, इंदू."

"तीन दिवसांचं नाही म्हणत मी. बारा वर्षं मी कुंकू लावते ते आरशात न बघता. ते गेले असतील तर मी विधवा. असतील तर टाकलेली. यातलं काहीतरी एक मला होऊ द्या."

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. बोट थांबलं.

"आणि मग मी कोण होऊ, इंदू?"

बाळू खाली बघत होता. इंदूच्या हातातला तांब्या कलला आणि पाणी पायरीवर सांडत राहिलं, तिला कळलंसुद्धा नाही.

त्या ओल्या पायरीवरून गुरुजी खाली उतरले. "आण ते देठ," म्हणाले.

मागच्या वाडीत, सुपारीच्या झाडांखाली, त्यांनी मुलगा मांडायला घेतला. डोक्याला इतके देठ, हातांना इतके, छातीला इतके, असं शास्त्रात असतं. बाळू सांगत होता, गुरुजी ठेवत होते. मधेच विचारलं, "सगळे मिळून किती?"

"तीनशे साठ."

"वर्षाचे पाच दिवस कमी भरतात," गुरुजी म्हणाले. पण आता त्यात भांडण नव्हतं. वर्गात चुकलेलं गणित दाखवावं तसं ते म्हणाले आणि पुढचा देठ उचलला.

माणूस मांडून झाला. गुरुजी उठून लांब उभे राहिले, मान वाकडी करून पाहिलं. परत येऊन गुडघ्यांवर बसले आणि पायांचे देठ एकेक करून खाली ओढू लागले.

"गुरुजी, असे नसतात ते," बाळू म्हणाला.

"वसंता उंच होता रे," गुरुजी म्हणाले. "एवढा आखूड नव्हता तो."

बाळूही खाली बसला आणि दुसरा पाय लांब करू लागला. मी पिळलेलं लुगडं तोंडात कोंबलं आणि घरात पळाले. शहाण्यांच्या राणीला त्या दिवशी एकही प्रश्न सुचला नाही.

दिवस उरकले. मी तेव्हा तिसऱ्या वेळेची गरोदर होते. एका दुपारी त्यांच्यासाठी पेज घेऊन गेले. काहीतरी बोलावं, त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, "गुरुजी, मला सांगा की, कधीची तारीख येते?" दिवाळीपासून हिशेब मी मनात करून ठेवलेला होता. तरी विचारलं.

गुरुजींनी पेजेची वाटी खाली ठेवली. "सुमे, कुणाची वाट बघायची तारीख मी आता सांगत नाही. येईल तेव्हा ये म्हणावं."

त्यानंतर गावात कुणी त्यांना तारीख विचारली नाही.

इंदूचा भाऊ तिला न्यायला आला. आधी अलिबागच्या एस.टी.ने जायचं, पुढे पेण. तिच्या अंगावर फिकं लुगडं, कपाळ मोकळं. चेहरा कसा होता विचाराल तर सांगता येणार नाही. खूप दिवस अंगावर असलेलं ओझं उतरवून ठेवल्यावर माणूस जसा क्षणभर झोकांडतो, तशी ती चालत होती. गुरुजींनी तिची ट्रंक भावाला उचलू दिली नाही. स्वतः खांद्यावर घेतली आणि स्टँडपर्यंत पुढे पुढे चालले. मी पोट सांभाळत मागून.

गाडी लागली. इंदू चढली, खिडकीशी बसली. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं तशी तिने वाकून हातातली छत्री खिडकीतून गुरुजींना दिली. "ऊन फार आहे, मामंजी. जाताना लागेल." मग थोडं थांबून म्हणाली, "मी महिन्याभराने येते."

मी गुरुजींकडे पाहिलं. मला वाटलं, आता विचारतील. कुठल्या तारखेपासून महिना? आज धरून की आज सोडून? त्यांचा डावा हात खाली होता. तो सैलच राहिला.

"सावकाश ये," गुरुजी म्हणाले.

गाडी वळणाआड गेली. धूळ खाली बसली. मी म्हटलं, "चला गुरुजी." त्यांना ऐकू गेलं नसावं. ते निघाले, पण घराकडे नाही आणि बंदराकडेही नाही, सरळ अलिबागच्या रस्त्याने, गाडी गेली त्या दिशेने. मला तितकं चालवणार नव्हतं, म्हणून मी तिथेच उभी राहून बघत राहिले. भर बाराचं ऊन. टोपी ट्रंक चढवताना गाडीतच राहिली होती. मिटलेली छत्री त्यांनी काखेत घट्ट धरली होती, आणि ती उघडायची असते हे त्यांच्या लक्षातच येत नव्हतं.